बोअर एकच, रायफली तीन: नवा डबा उघडला की ग्रुप का फुटतो?

“काका, तीन नंबर पुन्हा फेकून राहिली ना.”

आमच्या एअर रायफल रेंजवर हे वाक्य वर्षातून दोनदा हमखास ऐकू यायचं. फेकते, म्हणजे रायफलीच्या गोळ्या एका जागी न लागता भलतीकडे जातात. एकदा शाळा सुरू झाल्यावर जुलैत आणि एकदा पोळ्याच्या आगेमागे, शालेय स्पर्धा तोंडावर आल्या की. दोन्ही वेळा आम्ही दोष रायफलीत शोधायचो. स्क्रू आवळायचो, नेम धरायची साईट काढून पुन्हा बसवायचो, पोरांच्या उभं राहण्यावर बोलायचो. आठ-पंधरा दिवसांत सगळं जागेवर यायचं आणि शेवटी जे केलं त्यानेच फरक पडला असं वाटायचं. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. चार वर्षं असं चाललं. कारण सापडलं ते रायफलीत नव्हतं, कपाटातल्या छर्र्यांच्या डब्यांत होतं.

ज्यांच्याकडे एकाच बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या, दोन-तीन मॅच एअर रायफली आहेत आणि सगळ्यांना एकाच डब्यातले छर्रे दिले जातात, अशा क्लबांसाठी, शाळांसाठी आणि दोन भावंडं नेमबाजी करतात अशा घरांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आमचं सामान असं. पश्चिम नागपुरात एका हॉलमध्ये दहा मीटरच्या चार लेन. रायफली तीन, तिन्ही ४.५ मिमीच्या, तिन्ही सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या. एक आणि दोन नंबर एकाच मॉडेलच्या, एकाच वेळी घेतलेल्या. तीन नंबर जुनी आणि दुसऱ्या कंपनीची. आमच्या एका मोठ्या मुलीने नवी घेतली तेव्हा तिची क्लबने ठेवून घेतली. मी स्वतः नेमबाज नाही. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये फिटर होतो. मुलगी नेमबाजी करायची म्हणून रेंजवर जायला लागलो, ती शिकायला पुण्याला गेली आणि मी इथेच राहिलो. रायफली सांभाळायचं काम माझ्याकडे आहे.

किती बारीक फरकाची गोष्ट आहे

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्र्याचं भोक ४.५ मिमीचं. भोकाची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे भोकाचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. त्या अडीच मिलिमीटरचे पुन्हा दहा भाग, १०.० पासून १०.९ पर्यंत. एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला अभिनव बिंद्राची शेवटची गोळी १०.८ गेली, म्हणजे भोकाचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता.

आता पात्रता फेरीच्या ६० गोळ्याही दशांशात मोजतात. गोळीमागे दोन दशांश गेले की साठ गोळ्यांत बारा गुण गेले. जिल्ह्याच्या यादीत बारा गुण म्हणजे कितीतरी नावं वर-खाली. पोरगं पहाटे उठून सायकलने येतं, दोन-दोन तास रायफल धरून उभं राहतं, आणि त्याचे बारा गुण आपण डब्यात हरवतो. म्हणून मला ही गोष्ट छोटी वाटत नाही.

आधी कागद वाचा

बिघाड सांगायला आलेल्या मुलाला मी आता पहिला प्रश्न विचारतो तो ग्रुप, म्हणजे लागलेल्या भोकांचा पुंजका, कसा दिसतो हा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर पडदा दाखव, कागद असेल तर कागद आण. “फेकते” या एका शब्दात चार वेगवेगळे आजार असतात.

ग्रुप घट्ट आहे पण सगळाच्या सगळा डावीकडे किंवा खाली सरकला आहे, तर तो बिघाड नाही. झिरो, म्हणजे साईटची नेमाशी जुळणी, हलला आहे. रायफल दुसऱ्या मुलाने वापरली, साईटचे क्लिक (नेम सरकवायचे टप्पे) बदलले, किंवा छर्र्यांचा लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेली खेप) बदलला. तेवढे क्लिक द्या आणि पुढे चला. आम्ही याच्यासाठी किती वेळा स्टॉक (रायफलीचा दस्ता) उघडला, आठवलं की वाईट वाटतं.

ग्रुप उभा लांबला आहे, म्हणजे वर-खाली पसरला आहे पण आडवा ठीक आहे, तर बहुधा वेग कमी-जास्त होतो आहे. गणित सोपं आहे. मॅच रायफलीचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर जातो, दहा मीटरला त्याला सहा शतांश सेकंद लागतात, तेवढ्या वेळात तो सतरा-अठरा मिलिमीटर खाली येतो. वेग सेकंदाला पाच मीटरने घटला तर हा उतार अंदाजे एक मिलिमीटरने वाढतो. एक मिलिमीटर म्हणजे चार दशांश. तेव्हा आधी सिलिंडरचा दाब बघा. दाब उतरत आला आणि रेग्युलेटरला (दर गोळीला सारखा दाब देणाऱ्या भागाला) पुरेनासा झाला की शेवटच्या गोळ्या खाली जायला लागतात. भरलेल्या सिलिंडरवरही तसंच होत असेल तर रेग्युलेटर किंवा सील. ते काम जाणत्या माणसाकडे द्या, आपण उघडू नका.

ग्रुप चहूबाजूंनी फुटला आहे आणि कोणताही छर्रा घातला तरी फुटतो, तर स्क्रू, साईट आणि नळीची सफाई या क्रमाने बघा. अॅक्शन (नळी आणि ट्रिगरची यंत्रणा) स्टॉकला धरणारे स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर हवेत. नुसत्या हातअंदाजाने आवळले तर प्रत्येक वेळी वेगळं बसतं. साईट हाताने हलवून बघा, केसभरही हलता कामा नये. नळी बरेच दिवस साफ केली नसेल तर फेल्टने (नळीतून मारायच्या मऊ बोळ्यांनी) शिसं काढा, आणि साफ केल्यावर पंधरा-वीस छर्रे वाया जातील हे धरून चाला; स्वच्छ नळी लगेच जागेवर येत नाही. फेल्ट इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर मारू नका.

चौथा नमुना असा: आठ गोळ्या सुंदर एका भोकात, आणि दोन कुठेतरी बाहेर. पुढच्या दहांत पुन्हा तेच. तोच छर्रा दुसऱ्या रायफलीत ठीक चालतो, या रायफलीत नाही. आमचा आजार हाच होता, आणि आम्ही तो चार वर्षं “पोरगं ट्रिगर झटकतं” म्हणून पोरांच्या माथी मारला.

माणूस की रायफल, हे ठरवायची एक सोपी रीत आहे. त्याच मुलाला दुसऱ्या रायफलीवर त्याच डब्यातले दहा छर्रे मारायला द्या आणि दुसऱ्या मुलाला त्याच्या रायफलीवर. दोष रायफलीबरोबर राहिला की मुलाबरोबर गेला ते अर्ध्या तासात कळतं. आमच्याकडे तो तीन नंबरबरोबर राहिला.

बोअर हे नाव आहे, माप नाही

वर्कशॉपमध्ये नवीन पोरगा आला की मी त्याला शाफ्ट आणि भोकाचा खेळ पहिल्यांदा शिकवायचो. ड्रॉइंगवर दोन्हीकडे एकच आकडा लिहिलेला असतो, तरी एक शाफ्ट हाताने सरकतो आणि दुसरा हातोडीशिवाय जात नाही. इंजिनचे पिस्टन म्हणूनच ग्रेड करून, त्या-त्या ग्रेडच्या सिलिंडरला बसवतात. हे मला तीस वर्षं पाठ होतं. रायफलीच्या बाबतीत मात्र डब्यावर ४.५ आणि नळीवर ४.५ वाचून मी गप्प बसलो.

छर्रा हातात घेऊन बघा. डमरूसारखा आकार. पुढचं डोकं सपाट, मधे कंबर बारीक, मागचा घेर पोकळ आणि परकरासारखा पातळ. घेर मऊ शिशाचा असल्यामुळे नळीतल्या आट्यांमध्ये (आतून कोरलेल्या पिळाच्या खाचांमध्ये) दाबून बसतो आणि मागची हवा अडवतो. डोकं आट्यांच्या उंच भागावर टेकून सरकतं आणि छर्र्याला सरळ ठेवतं. डोकं नळीला थोडं ढिलं असेल तर छर्रा आतच किंचित तिरका होतो आणि तिरकाच बाहेर पडतो. जास्त घट्ट असेल तर घर्षण वाढतं, शिसं दबतं, वेग दर गोळीला बदलतो. म्हणून मॅचच्या छर्र्यांच्या डब्यावर डोक्याचं माप छापलेलं असतं: ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२. फरक शंभरावा भाग मिलिमीटर. टार्गेटवर तो दिसतो.

आणि छापलेल्या मापावरही सगळं भागत नाही. ४.५० लिहिलेल्या दोन वेगवेगळ्या लॉटचे छर्रे एकाच नळीत वेगळे वागतात. साचे झिजतात, बदलतात; शिशाच्या मऊपणात फरक असू शकतो. मोठे नेमबाज कंपनीत जाऊन, आपली रायफल वाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) धरून, लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट भरपूर उचलतात, ते याच कारणासाठी. आम्ही दुकानातून “मागच्यासारखाच द्या” म्हणून आणायचो. डबा तसाच, रंग तोच, माप तेच. तळाशी लॉटचा नंबर वेगळा. तो आम्ही कधी वाचलाच नाही.

त्यातच आमची जुनी सवय अशी की अर्धा डबा उरला की तो नव्या डब्यात ओतायचा, म्हणजे कपाटात पसारा नको. आता त्या डब्यात दोन लॉट. तीन नंबरला जुना लॉट मानवायचा, नवा नाही. म्हणून आठ आत आणि दोन बाहेर! डबे संपत गेले, मिसळीचं प्रमाण बदललं, मग कधी सुधारायचं, कधी बिघडायचं. एक आणि दोन नंबरला नवा लॉटही बऱ्यापैकी चालायचा, म्हणून संशय डब्यावर न जाता तीन नंबरवर जायचा.

दोन रस्ते जे फुकट गेले

संशय छर्र्यांवर आल्यावर मी सवयीप्रमाणे व्हर्नियर काढलं. छर्रा जबड्यात धरला, ४.४८ आलं. पुन्हा धरला, ४.४६. भिंगातून बघितलं तर डोक्याच्या कडेवर जबड्याने दोन चकचकीत ओरखडे पाडलेले. शिसं इतकं मऊ आहे की मोजतानाच मोजायची वस्तू दबते. व्हर्नियरने डोक्याचं माप घ्यायच्या भानगडीत पडू नका.

मग वजन. इतवारीत सराफ्यात आमच्या ओळखीचे एक सोनार आहेत, त्यांच्याकडे मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना तिथे बसून दोनशे छर्रे तोलले. रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा. बहुतेक सगळे दहा मिलिग्रॅमच्या पट्ट्यात आले. सारख्या वजनाचे वेगळे काढले, तीन नंबरमध्ये मारले, काहीही फरक नाही. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला: दहा मिलिग्रॅमने वेग जेमतेम एक टक्का बदलतो, टार्गेटवर तो साधारण तीस शतांश मिलिमीटर भरतो, म्हणजे एक दशांश गुण. आमचा दोष त्याच्या कितीतरी पट मोठा होता. ज्यांची बाकी सगळी घडी बसली आहे त्यांनी वजन करावं. आपण आधी लॉट बघावा.

वाइसवरची चाचणी

शेवटी केलं ते हे, आणि हेच आधी करायला हवं होतं.

कोपऱ्यातल्या लोखंडी टेबलाला बेंच वाइस बोल्टने बसवला, टेबलाचे पाय भिंतीला टेकवून वाळूची पोती टाकली. वाइसच्या जबड्यांना आतून जाड चामडं लावलं. रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघितलं, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घातला, मग धरली. नळी थेट दाबू नका. आमच्या रायफलींचे स्टॉक अॅल्युमिनियमचे, त्यांच्या रेलला एक तुकडा अडकवून तो धरला. चाचणी चालू असताना लेनच्या पुढे कुणी जायचं नाही आणि सगळ्यांना चष्मे, हा नियम सोडू नका. ट्रिगर ओढताना रायफलीला बाकी कुठे हात लावायचा नाही. एक जण लोड करतो, तोच मारतो, शेवटपर्यंत माणूस बदलायचा नाही.

चार प्रकारचे छर्रे घेतले: ४.४९, ४.५० चा जुना लॉट, ४.५० चा नवा लॉट, आणि ४.५२. प्रत्येक प्रकार बदलला की आधी दहा-पंधरा छर्रे नुसतेच मारायचे, मोजायचे नाहीत. मग कागदावर दहा-दहांचे तीन ग्रुप. पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवर काहीही ठरवू नका. नशिबाने पाच गोळ्या कुठल्याही छर्र्याच्या एका भोकात जातात. मला पहिल्या दिवशी ४.५२ ने दोन नंबरमध्ये अप्रतिम पाच दिले आणि पुढच्या पाचांनी ग्रुप दीडपट केला. ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचा. त्यातून ४.५ वजा केले की मध्यापासून मध्यापर्यंतचा पसारा मिळतो.

तीन ग्रुपची सरासरी अशी आली. एक नंबरला जुना ४.५० बाहेरून ५.७ मिमी, नवा ४.५० ५.९. तिला जवळजवळ काहीही चालतं. दोन नंबर, म्हणजे तिचीच जुळी, तिला ४.४९ सगळ्यात चांगला, ५.६, जुना ४.५० सहा, नवा ६.३. एकाच मॉडेलच्या, एकाच दिवशी खोक्यातून काढलेल्या दोन रायफली, आणि आवड वेगळी. तीन नंबरला जुना ४.५० ५.८, ४.५२ ५.९, आणि नवा ४.५० तब्बल ७.६.

डब्यावर एकच माप छापलेले दोन लॉट, आणि तीन नंबरमध्ये ५.८ विरुद्ध ७.६. वजाबाकी केली तर पसारा १.३ मिमी आणि ३.१ मिमी. ३.१ च्या ग्रुपमध्ये टोकाची गोळी मध्यापासून दीड मिलिमीटर दूर पडते, म्हणजे नेम बिनचूक असला तरी सहा दशांश रायफलीनेच खाल्ले. तो कागद मी जपून ठेवला आहे. ज्या मुलाला ट्रिगरवरून सगळ्यात जास्त बोलणी बसली होती त्याला बोलावून तो दाखवला आणि चूक माझी होती असं सांगितलं. तो काही बोलला नाही, कागद बराच वेळ धरून बघत राहिला.

वाइस नसेल तर गुडघ्यावर बसून मारायच्या रोलवर किंवा वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून क्लबमधल्या सगळ्यात स्थिर हाताच्या मुलाकडून करून घ्या. पण एक काळजी घ्या. छर्रे बिनचिठ्ठीच्या वाट्यांमध्ये द्या, कोणत्या वाटीत कोणता लॉट हे मारणाऱ्याला कळू देऊ नका. महागडा डबा बघितला की हात आपोआप सावध होतो आणि ग्रुप लहान येतो. आकडे वाइसपेक्षा मोठे येतील, पण कोणता लॉट वाईट आहे तो दिसेलच.

तिघींना एकच छर्रा द्यायचा असेल तर

परदेशात मोठ्या बोअरची रायफल वापरणारे लोक काडतुसाची वापरलेली पितळी केस (टरफल) पुन्हा भरतात. एकाच कॅलिबरच्या दोन रायफली घरात असल्या की त्यांच्यापुढेही हाच पेच येतो. कॅलिबर एक, पण चेंबर (काडतूस बसतं ती जागा) सारखे नसतात. ढिल्या चेंबरमध्ये फुगलेली केस घट्ट चेंबरच्या रायफलीत घातली तर बोल्टच बंद होत नाही. मग एक तर सगळ्यात घट्ट चेंबरला जाईल इतकी केस दाबून घ्यायची; ती सगळीकडे चालते, पण ढिल्या चेंबरमध्ये पितळ दर वेळी जास्त ताणलं जातं आणि लवकर तडकतं. नाहीतर प्रत्येक रायफलीच्या केस वेगळ्या, डबा वेगळा, चिठ्ठी वेगळी. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे घरी काडतुसं भरायचा विषयच नाही. एअर रायफलीत तर भरायलाही काही नसतं, छर्रा तयार येतो. आपल्या हातात निवड तेवढी आहे. दोन रस्ते मात्र तेच.

बजेट असेल तर प्रत्येक रायफलीला तिचा लॉट. आम्ही आता दोन नंबरला ४.४९ देतो आणि एक व तीनला ४.५०. पण लहान शाळेला एकच प्रकार परवडत असेल, तर निवड करताना एक चूक टाळा. सगळ्यात चांगल्या रायफलीत सगळ्यात लहान ग्रुप देणारा छर्रा घेऊ नका. प्रत्येक लॉटचा सगळ्यात वाईट रायफलीतला आकडा लिहा आणि त्यांतला सगळ्यात लहान आकडा ज्याचा, तो लॉट घ्या. आमच्या आकड्यांत जुना ४.५० सगळ्यात वाईट अवस्थेत ६.० देतो, नवा ७.६. एखाद्या रायफलीचे एक-दोन दशांश जातील, पण एकाही पोराच्या वाट्याला ७.६ येणार नाही. क्लबमध्ये हाच न्याय मला बरा वाटतो, कारण कुणाला कोणती रायफल मिळेल हे त्या दिवशी ठरतं.

डब्यांची शिस्त

दोन डबे कधीही एकत्र ओतायचे नाहीत. आमच्या कपाटात आता हा एकच नियम मोठ्या अक्षरात लावला आहे. रायफलीच्या स्टॉकवर आणि तिच्या डब्याच्या झाकणावर एकाच रंगाची टेप: एकला लाल, दोनला निळी, तीनला हिरवी. नवा डबा उघडताना तळाचा लॉट नंबर झाकणावर मार्करने लिहायचा. आठवीतली मुलंसुद्धा हे पाळतात.

अर्धा डबा पिशवीत टाकून दुचाकीवरून नेला की छर्रे आत आपटत राहतात. घेर कागदासारखा पातळ असतो, एका बाजूने चेपतो, आणि चेपलेला छर्रा कुठल्याही नळीत सरळ जात नाही. मानकापूरच्या क्रीडा संकुलापर्यंत जाऊन आलेल्या एका अर्ध्या डब्यातले शंभर छर्रे मी उजेडात तपासले, त्यातले अकरा चेपलेले निघाले. तेव्हापासून अर्ध्या डब्यात वरून फोमची चकती घालतो, म्हणजे आतलं हलत नाही. स्पर्धेसाठी न उघडलेला डबा नेतो, पण तो आधी चाचणी झालेल्या लॉटचाच.

आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो आणि लगेच पावसाळा. ओल्या हवेत उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरट भुकटी धरते. असे छर्रे पुसून वापरू नका, वेगळे काढा. ती भुकटी हाताला, तिथून तोंडाला जायला नको. डब्याचं झाकण घट्ट, डबा बंद कपाटात, कूलरच्या झोतापासून लांब. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला, पोह्याला, पाण्याच्या बाटलीला हात लावायचा नाही, हे लहान मुलांना रोज सांगावं लागतं आणि रोज सांगावं. सिलिंडर नवतपाच्या उन्हात गाडीत ठेवू नका. त्यावरची मुदतीची तारीखही बघत जा; स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही, आणि चालला असता तरी मी तो मुलाच्या गालाजवळ जाऊ दिला नसता.

प्रत्येक रायफलीच्या पेटीत झाकणाला एक कागद चिकटवला आहे. त्यावर लॉट नंबर, त्या लॉटसाठीचे साईटचे क्लिक, शेवटच्या सफाईची तारीख, सिलिंडरची मुदत. लॉट बदलला की नवीन ओळ. “फेकते” म्हणून कुणी आलं की आधी हा कागद आणि डब्याचं झाकण जुळतं का ते बघतो. गेल्या वर्षात तीनदा तक्रार आली. दोनदा डबा दुसऱ्या रंगाचा निघाला, एकदा खरंच साईटचा स्क्रू ढिला होता.

खरेदीबद्दल एवढंच, की चालू लॉटचे चार डबे उरले असतानाच पुढच्याची चौकशी सुरू करा. दुकानदाराला फोनवर डब्याच्या तळाचा नंबर वाचून दाखवा आणि तोच मागा. नसेल, तर आधी एकच डबा मागवा, वाइसवर तीस-तीस मारा, आणि मग बाकीची ऑर्डर द्या. आमचा तीन नंबरचा जुना लॉट दिवाळीपर्यंत पुरेल. दोन वेगवेगळ्या लॉटचे दोन नमुने काल आले आहेत. रविवारी सकाळी वाइस मोकळा आहे.